विकताना किती सांगायचं?

माझ्या टोकियोतल्या छोट्याशा खोलीत कार्बनच्या सायकलचाकांच्या दोन जोड्या आहेत. एक जुनी, बारा वर्षांपूर्वीच्या घडणीची. दुसरी गेल्या वर्षी घेतलेली. जुनी विकायला काढली आणि एका साध्या प्रश्नात अडकले. तो तुमच्यापुढे ठेवते, कारण देश किंवा घर बदलताना तुम्हीही कधीतरी 'सायोनारा सेल' लावलाच असेल.

आधी दोन्ही जोड्यांमधला फरक सांगते. जुन्या चाकाची रिम अरुंद, इंग्रजी 'व्ही'सारखी निमुळती. तिच्यावर टायर चक्क चिकटवायचा आणि ब्रेकचं रबर थेट कार्बनवर घासणार. नव्या चाकाची रिम रुंद आणि गोलसर. २८ मिलिमीटरचा टायर, आत ट्यूब नाही, ब्रेक मधल्या चकतीवर. आडवा वारा सुटला की जुनं चाक हँडल खेचतं, नवं शांत राहतं. पावसात जुन्याचा ब्रेक लागेपर्यंत जीव वर येतो. वजनाला मात्र जुनी जोडीच हलकी आहे आणि चढावर मला अजूनही तीच आवडते. व्यावसायिक रोड शर्यतींत २०१८ साली चकतीच्या ब्रेकना कायमची परवानगी मिळाली आणि माझ्या जुन्या जोडीसारखी चाकं बघता बघता मागे पडली.

इथवरचा फरक कुणालाही दिसतो. अडचण न दिसणाऱ्या गोष्टीची आहे.

टोकियोच्या पश्चिमेला ओकुतामाच्या डोंगरात काझाहारी नावाची १,१४६ मीटर उंचीची खिंड आहे. तिथून उतरताना ब्रेक दाबून ठेवला की कार्बनची रिम तापते, तंतूंना धरून ठेवणारं रेझिन मऊ पडू लागतं आणि आतले थर सुटू शकतात. आपल्या गल्लीतल्या सायकलचं चाक बिघडलं की बोलतं. आऊट येतो, ब्रेकला घासतं, दुकानदार आरे आवळून आऊट काढून देतो. कार्बन बरेचदा शेवटपर्यंत गप्प राहतं.

लहानपणी आई माठ घेताना टिचकी मारून बघायची. मी दहा येनचं नाणं घेऊन दोन्ही रिम वाजवून पाहिल्या. मागच्या चाकात एका जागी आवाज जरा बद्द वाटला. वाटला, इतकंच.

जाहिरातीत मी लिहिलं, 'वापरलेली, स्थिती चांगली. तक्रार चालणार नाही, परत घेणार नाही.' इथल्या जुन्या वस्तूंच्या व्यवहारात हे शेवटचं वाक्य सर्रास असतं. यात खोटं काय होतं? चाकं दिसायला चांगलीच होती. तडा मी पाहिलेला नव्हता.

मग पुण्याहून नुकताच आलेला एक विद्यार्थी चाकं बघायला आला. चहा झाला. चाक हातात फिरवत त्याने विचारलं, "ताई, तुम्ही यावर घाट उतराल का?"

"नाही रे," मी म्हणाले. विचार करायलाही वेळ लागला नाही. मग त्याला सगळं सांगितलं. किती उतार, किती पाऊस, एकदा खड्ड्यात बसलेला दणका, तो बद्द आवाज. तो चाकं न घेता गेला.

रात्री स्वतःचाच राग आला. त्याला सांगितलं म्हणून नाही, तर तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं म्हणून. तो 'ताई' म्हणाला नसता तर? एखाद्या जपानी मुलाने पैसे भरले असते तर मी नीट गुंडाळून पाठवून दिली असती. पेशाने मी संशोधक आहे. माझ्या प्रत्येक पेपरात 'मर्यादा' नावाचा परिच्छेद असतो. तिथे मी शंकासुद्धा लिहिते, आणि इथे 'खात्री नाही' म्हणून गप्प बसले.

तुम्ही म्हणाल, शंका सांगत बसलं तर कोणतीच जुनी वस्तू विकली जाणार नाही. शिवाय अशी कितीतरी चाकं वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. उगाच घाबरवणं हेही खोटंच. मान्य. म्हणून 'धोकादायक आहे' असं म्हणायचं नाही. जे घडलं ते सांगायचं आणि निवड समोरच्याला करू द्यायची. धोका पत्करायचा हक्क त्याचा आहे, पण काय पत्करतोय हे कळल्याशिवाय तो हक्क पोकळ आहे.

जपानमध्ये केइरिन नावाच्या सायकल शर्यती आहेत. १९४८ साली कोकुरा इथे सुरू झाल्या. टोकियोत ताचिकावा आणि चोफूला त्यांची मैदानं आहेत. लोक त्यांवर अधिकृतपणे पैसे लावतात. म्हणून पुरुषांच्या पारंपरिक केइरिनमध्ये आजही कार्बन नाही. स्टीलची सायकल, आऱ्यांची चाकं, सुटे भाग फक्त मान्यताप्राप्त, आणि शर्यतीआधी सायकलची तपासणी. प्रेक्षकाचे पैसे लागलेत, तर त्याच्यापासून काही लपलेलं नसावं, एवढाच हिशेब. माझ्या चाकावर तर कुणाचा तरी जीव लागणार होता, आणि तपासनीस मी एकटीच.

जाहिरात पुन्हा लिहिली आहे. आता ती अकरा ओळींची आहे. त्या मुलाला जे सांगितलं तेच, तेवढंच. शेवटची ओळ काढून टाकली आणि किंमत फक्त मधल्या हबची ठेवली, कारण खात्रीने विकता येईल असं तेवढंच उरलं होतं. अजून कुणी विचारलेलं नाही.