सात नंबरचा अर्ज

चि. बाळ,


तुझा परवाचा मेसेज डोक्यातून जात नाही. ‘आत्या, ग्राहकाचा व्हीपीएन ठणठणीत आहे, पिंग सगळीकडून जातंय, तरी तीन शाखांना मल्टिकास्ट मिळत नाही. रात्रपाळीचे सीनियर म्हणतात, मल्टिकास्टच्या नादी लागू नकोस.’ तू नादी लाग. त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

पिंग जातंय, यावरून मल्टिकास्टबद्दल काहीच ठरत नाही. ग्राहकाचं साधं पॅकेट आपल्या जाळ्यातून कसं जातं ते आठव. हा पत्ता पलीकडच्या काठावरच्या अमुक पीई राउटरमागे आहे, हे अलीकडच्या पीईला ठाऊक असतं. तो लेबल लावतो आणि मधले पी राउटर नुसतं लेबल पाहून पॅकेट पुढे ढकलतात. ग्राहक कोण, त्याचे पत्ते कोणते, याचा त्यांना गंधही नसतो. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९मध्ये आरएफसी २५४७ मध्ये मांडलेली ही रचना इतकी वाढू शकली, ती मधल्यांना काही ठाऊक नसतं म्हणूनच. पण २३९.१.१.१ हा मल्टिकास्ट पत्ता कुठल्याच एका पीईमागे नसतो. जो मागेल त्याच्याकडे तो जायचा, आणि मागणारे सारखे बदलत असतात.

तुझे आजोबा प्रवरेच्या कालव्यावर पाणी घ्यायचे. आवर्तन जाहीर झालं की पाटबंधारे खात्याचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, किती क्षेत्र, कोणतं पीक. अर्ज खालून वर जायचा आणि पाणी वरून खाली यायचं. मल्टिकास्टचा पीआयएम प्रोटोकॉल तेच करतो. ज्याला हवं आहे त्याच्या बाजूचा राउटर स्रोताच्या दिशेनं अर्ज धाडतो. वाटेतला प्रत्येक राउटर ‘स्रोताकडे जायची माझी वाट कोणती?’ एवढंच पाहून अर्ज वर सरकवतो, आणि त्याच वाटेनं प्रवाह उतरतो. आता हा अर्ज आपल्या पीईपर्यंत आला, पण पुढच्या पी राउटरला ग्राहकाचा स्रोत माहीतच नाही. तिथे अर्ज अडतो. तुमचा सगळा विषय या एका अडणुकीतून निघालाय.

ती टाळायला पूर्वी ग्राहक स्वतःच शाखाशाखांत बोगदे टाकायचे. चाळीस शाखा आणि ४ एमबीपीएसचा व्हिडिओ असेल, तर मुख्यालयाच्या एकाच लिंकवरून एकोणचाळीस प्रती, म्हणजे १५६ एमबीपीएस. रोझेनच्या तोडग्यात प्रत्येक व्हीपीएनला आपल्या जाळ्यातला एक स्वतंत्र मल्टिकास्ट ग्रुप मिळतो. त्या व्हीपीएनचे सगळे पीई त्यात सामील होतात आणि जणू एका लॅनवर बसल्यासारखे एकमेकांशी पीआयएम बोलतात. ग्राहकाचं पॅकेट जीआरईच्या वेष्टनात जातं. मधल्या राउटरला वरचा, आपला ग्रुप तेवढा दिसतो. दोन ग्राहकांनी आत २३९.१.१.१ वापरला तरी गाठ पडत नाही.

या ग्रुपचा प्रवाह ज्या वाटांनी सगळ्या पीईंकडे पसरतो, ते डिफॉल्ट झाड. त्याची खोड अशी की ते सगळ्या पीईंना पाणी सोडतं, अर्ज असो वा नसो. म्हणून प्रवाह ठरावीक मर्यादेपेक्षा वाढला की त्याच्यासाठी वेगळं डेटा झाड उभं राहतं आणि गरजू पीईच त्याला जोडून घेतात. जास्त झाडं केली तर मधल्या राउटरांच्या मेमरीवर ताण येतो, कमी केली तर लिंक फुकट भरतात. मर्यादा किती ठेवायची, हे ग्राहकाचे प्रवाह मोजल्याशिवाय ठरवू नये. कुणाच्या तरी जुन्या कॉन्फिगमधून ती उचलणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

त्या वेष्टनानं मला एकदा चांगलंच रडवलं आहे. एका ग्राहकाच्या शाखांत प्रशिक्षणाचे व्हिडिओ जायचे. नवीन सर्किट दिलं आणि तक्रार आली, आवाज येतो, चित्र येत नाही. चार रात्री मी पीआयएमचे शेजारी तपासत बसले. दोष साधा होता आणि तो माझाच होता. १५०० बाइटचं पॅकेट, त्यावर वीस बाइट आयपीचे आणि चार जीआरईचे, झाले १५२४. मधल्या एका जुन्या लिंकचा एमटीयू १५००वरच राहिला होता. आवाजाची पॅकेटं लहान, ती निसटायची. चित्राची मोठी, ती तिथेच पडायची. त्यानंतर पीई ते पीई १५२४चं, तुकडे न होऊ देणारं पिंग केल्याशिवाय मी एकही सर्किट सुपूर्द केलं नाही.

रोझेनची पद्धत कित्येक वर्षं चालून २०१०मध्ये आरएफसी ६०३७ म्हणून छापली गेली, तीही ‘ऐतिहासिक’ असा शिक्का घेऊन. कारण मोजून बघ. एका पीईवर दोनशे व्हीपीएन आणि प्रत्येकात पन्नास पीई, म्हणजे ९,८०० शेजारी, आणि प्रत्येकाचा दर तीस सेकंदांनी हॅलो. वर अर्जही दर मिनिटाला नव्यानं. २०१२च्या आरएफसी ६५१३ आणि ६५१४ यांनी ग्राहकाचे अर्ज बीजीपीत नेले. बीजीपीत एकदा सांगितलं की मागे घेईपर्यंत ते कायम. तिथे सात प्रकारचे मार्ग आहेत. ‘या स्रोताचा हा प्रवाह मला हवा’ असं सांगणारा मार्ग कितवा, माहीत आहे? सातवा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजोबांचा फॉर्मच आठवला. शिवाय वाहून न्यायला एमएलडीपी किंवा आरएसव्हीपी-टीईची लेबलांची झाडं वापरता येतात, म्हणजे जीआरईचं वेष्टन सुटतं. नवीन ग्राहकासाठी आता हाच रस्ता धर, जुन्याकडे जाऊ नकोस.

तुझ्या तिकिटातला ग्राहक मात्र अजून रोझेनवर आहे असं दिसतं. त्या तीन शाखा एकाच पीईमागे आहेत का, ते आधी बघ. मग शाखेकडून स्रोताकडे चढत जा, उलट नको. पीईच्या व्हीआरएफमध्ये, म्हणजे त्या ग्राहकाच्या राउटिंग तक्त्यात, स्रोताची वाट कोणत्या पीईकडे दाखवतेय? त्या मार्गाचा बीजीपी नेक्स्ट हॉप आणि बोगद्यातल्या पीआयएम शेजाऱ्याचा पत्ता एकच हवा. कुणी लूपबॅक बदलला असेल तर साधा व्हीपीएन नीट चालतो आणि मल्टिकास्ट गप्प होतो. शाखेतल्या माणसाला फोन करून एवढं विचार, चित्र दोन-तीन सेकंद दिसून जातं का? जात असेल तर डिफॉल्ट झाड ठीक आहे आणि डेटा झाडाला त्या पीईची जोडणी होत नाही. स्रोताकडचा पीई घोषणा केल्यावर तीन सेकंदांनी प्रवाह नव्या झाडावर टाकतो, म्हणून तेवढंच दिसतं.

तिकीट बंद करायची घाई करू नकोस. ग्राहकाला आपल्या जाळ्यातलं काहीच दिसत नाही, त्याच्या वतीनं बघणारी तूच आहेस. अर्ज कोणत्या पीईवर अडला होता, ते मला कळव.

तुझी,
आत्या