दगडावर ज्यांची नावे नाहीत



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतजनांसाठी राखून ठेवला आहे. 2 तारखेला आपण दफनभूमीत गेलो, कबरी धुतल्या, फुले वाहिली, मेणबत्त्या लावल्या. 11 तारखेला जगातल्या अनेक देशांत युद्धात पडलेल्यांची आठवण करतात, कारण 1918 साली त्याच दिवशी पहिले महायुद्ध थांबले. आपल्याकडे ती तारीख येते आणि जाते. वास्तविक आपण सगळे एका लष्करी छावणीच्या आसऱ्याने वाढलेली माणसे आहोत.

मागे धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "फादर, आपण कॅम्प नंबर 4 म्हणतो, तो कसला कॅम्प? स्काऊटचा?" मुले हसली. मला मात्र त्याचा प्रश्न आवडला. यहोशवाच्या ग्रंथात देवाने इस्राएल लोकांना यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणायला सांगितले, ते कशासाठी? उद्या मुलांनी "हे धोंडे कसले?" असे विचारावे आणि आईबापांना सांगणे भाग पडावे, यासाठी. स्मारकाचे मोल त्या प्रश्नात असते. मुलाने विचारले आणि घरात कोणाला सांगता आले नाही, तर धोंडा नुसता धोंडा राहतो.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले ते इथेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प होता. 6,000 सैनिक आणि इतर 30,000 माणसे राहतील अशी त्याची उभारणी होती. पुढच्या आघाडीवर जाण्याआधी पलटणी अशा छावणीत थांबत. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या, आणि 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली जवळजवळ एक लाख माणसे त्याच बराकींत उतरली. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब खोलीत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून चार-चार कुटुंबांनी संसार मांडले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे कोनशिला बसवली आणि उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी आता बहुतेक गेल्या, त्यांच्या जागी इमारती आल्या. कॅम्पचे नंबर मात्र रिक्षावाल्यांच्या तोंडी आहेत.

दगडाचा एक स्वभाव आहे. तो मोठ्यांची नावे चांगली सांभाळतो. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हा काळ आहे आणि शिलाहार राजाचे नाव आहे. साडेनऊशे वर्षांनंतरही ते वाचता येते. पण ते नक्षीकाम करताना ज्यांच्या बोटांची सालटी निघाली, त्यांना कोण ओळखतो?

आता गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मृतजनांच्या नावांच्या चिठ्ठ्या मी चाळत होतो. एका चिठ्ठीवर नावच नव्हते. लिहिले होते, "माझ्या आजोबांचे थोरले बंधू. बसऱ्याला गेले." ती चिठ्ठी टाकणाऱ्या आजी मिस्सानंतर भेटल्या. त्यांचे माहेर नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात. त्या म्हणाल्या, "नाव कोणाला आठवत नाही, फादर. आजोबा रोज जेवताना एक घास बाजूला काढून ठेवायचे. आम्ही विचारले की म्हणायचे, बसऱ्याला गेला तो."

बसरा म्हणजे आजच्या इराकमधले बंदर. पहिल्या महायुद्धात आपल्या महाराष्ट्रातली हजारो माणसे त्या मुलखात गेली. पुण्याची 6 वी डिव्हिजन कूट गावात वेढ्यात अडकली आणि 29 एप्रिल 1916 रोजी उपासमारीने हतबल होऊन तिने शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले, त्यात कितीतरी जण वाटेतच पडले. त्या महायुद्धात हिंदुस्थानचे सुमारे 74,000 सैनिक मरण पावले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून गेलेले 46 जण परतले नाहीत, त्याचे स्मारक गावात आहे. आपल्या खेड्यापाड्यांत अशा संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसता आकडा.

बसऱ्याला मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या पलटणीपुढे मात्र फक्त संख्या घातली. ज्या आयोगाने खडकीच्या युद्ध दफनभूमीत साहेब असो की शिपाई, प्रत्येकाच्या कबरेवर सारख्याच मापाचा दगड ठेवला, त्याच आयोगाचे हे काम. 2021 साली आयोगाने या भेदाबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे चांगले झाले, पण शंभर वर्षे लागली. आजींच्या चिठ्ठीत नाव का नव्हते, याचे अर्धे उत्तर मला तिथे मिळाले.

या संदर्भात मकाबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय घरी अवश्य वाचा. लढाईनंतर यहुदा मकाबी आपल्या पडलेल्या सैनिकांना मूठमाती द्यायला गेला. त्यांचे अंगरखे उचलून पाहतो तर आत परक्या मूर्तींचे ताईत! नियमशास्त्राने मना केलेली गोष्ट त्यांनी लपवून गळ्यात बाळगली होती. यहुदाला दोन सोपे मार्ग होते. ताईत गुपचूप काढून टाकायचे आणि त्यांना निष्कलंक वीर म्हणायचे, किंवा पापी म्हणून तिथेच सोडून द्यायचे. त्याने दोन्ही केले नाही. त्याने वर्गणी जमवली, चांदीचे सुमारे 2,000 द्राख्मा यरुशलेमला पाठवले आणि त्यांच्या पापांसाठी अर्पण करविले.

ख्रिस्तसभेची आठवण आणि युद्धस्मारकाची आठवण यांत फरक आहे तो हाच. स्मारक म्हणते, हा वीर होता. वेदीवर आपण म्हणतो, प्रभो, हा जसा होता तसा तुझ्या दयेत घे. भित्रा असेल, दारू पीत असेल, पोटासाठी भरती झाला असेल, कोणाला मारून आला असेल. त्याने ज्याला मारले त्याच्यासाठीही आपण प्रार्थना करतो, हे विसरू नका. युद्ध आपल्यापासून दूर आहे असेही समजू नका. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या पगारावर आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले शिकली. 2021 पासून तिचा कारभार सरकारी कंपनीकडे गेला, पण तिथे होते ते युद्धाचेच काम. कामगारांना मी दोष देत नाही. एवढेच म्हणतो, की आपल्या ताटातला घास आणि बसऱ्याचा तो घास एकमेकांना ओळखतात.

त्या रविवारी मी वेदीवर चिठ्ठी वाचली तशीच वाचली, "आजोबांचे थोरले बंधू, बसऱ्याला गेलेले." आजी मागच्या बाकावर होत्या. मिस्सा संपल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

चिठ्ठ्यांची पेटी याही वर्षी वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली आहे, महिनाअखेरपर्यंत राहील. घरातल्या वृद्धांना आज विचारा, कोण फौजेत गेले होते, कोण फाळणीत मागे राहिले, कोण जहाजावर गेले आणि पत्र थांबले. शेजारच्या सिंधी काकूंनाही विचारा, त्यांची माणसे आपल्या मिस्सात चालतील. नाव आठवत नसेल तर नाते लिहा, गाव लिहा. तेही माहीत नसेल, तर जे ठाऊक असेल तेवढे लिहा. मी ते तसेच वाचीन.