खड्डा तापू द्या

फलटणमधल्या एका आळीत रस्त्याच्या कडेने सात गुलमोहर होते. ते कोणी लावले, हे आळीतल्या म्हाताऱ्यांनाही नीट सांगता येत नसे. वैशाखात सगळी आळी तांबडी व्हायची. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी तरडगावहून फलटणला मुक्कामी आली की विमानतळाच्या मैदानाकडे निघालेले वारकरी या झाडांखाली घटकाभर टेकायचे. आळीतली माणसं त्यांना चहा द्यायची, पिठलं-भाकरी वाढायची. चौथ्या झाडाखाली एका इस्त्रीवाल्याची गाडी उभी असे. त्याच्या वडिलांची गाडीही तिथंच असायची.

माणसांचा झाडांवर जीव होता. पण पावसाळ्यात दारात चिखल होतो म्हणून त्यांनीच एका वर्षी रस्त्याच्या कडा सिमेंटने बांधून घेतल्या. सिमेंट थेट बुंध्याला भिडलं. पुढे नळाच्या पाइपलाइनसाठी चर खणला गेला, त्यात मुळं तुटली. झाडं तरीही फुलत राहिली, म्हणून खाली वाकून कोणी बघितलं नाही.

एका वैशाखात वळीव आला. वाऱ्याला फार जोर नव्हता, तरी दुसरं झाड रात्रीतून बुडाशी मोडून आडवं झालं. रस्त्यावर त्या वेळी कोणी नव्हतं हे नशीब. सकाळी माणसं गोळा झाली. बुंध्याचा आतला भाग पांढरट आणि भुसभुशीत झाला होता, नखाने उकरला तरी निघत होता. फांद्यांवरची फुलं मात्र ताजी होती.

डाळिंबाच्या बागांत आयुष्य घालवलेला एक म्हातारा माळी शेजारच्या आळीत राहत असे. सगळे त्याला तात्या म्हणत. त्याला बोलावून आणलं. तात्या प्रत्येक झाडापाशी उकिडवा बसला, हाताने पालापाचोळा बाजूला केला, कुऱ्हाडीच्या तुंब्याने बुंधा ठोकला आणि कान लावला. चार झाडं ठणठणीत वाजली. तिसऱ्याचा आणि चौथ्याचा आवाज भद्द आला. दोन्हींच्या बुडाशी तपकिरी अळंबी उगवली होती, लाखेचा लेप दिल्यासारखी चकचकीत.

"ही दोन जायाची," तात्या म्हणाला. "मूळकूज हाय. पडलेल्या झाडाच्या मुळातनं शेजारच्यात शिरली."

"माझं झाड हिरवंगार हाय, तात्या," इस्त्रीवाला म्हणाला. "एक फांदी वाळलेली दाखवा."

तात्याने वाद घातला नाही. त्याने पहार त्याच्या हातात दिली आणि अळंबीच्या खाली बोट दाखवलं. इस्त्रीवाल्याने पहार टेकवली. जोर न लावता ती वीतभर आत गेली.

१९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नगरपरिषदेने दोन्ही झाडांवर नोटीस चिकटवली. हरकत घ्यायला मुदत होती. इस्त्रीवाल्याने हरकतीचा कागद लिहून खिशात ठेवला होता. तो त्याने दिलाच नाही. झाडं पाडली त्या दिवशी त्याने गाडी स्वतः ढकलत बाजूला नेली.

पालखी महिन्यावर आली होती. आळी ओकीबोकी दिसत होती आणि ते कोणाला बघवत नव्हतं. सगळ्यांनी वर्गणी काढली, रोपवाटिकेतून गुलमोहराचीच उंच रोपं आणली आणि तोडलेल्या बुडख्यांना लागून लावली. हार-नारळ झाला, फोटो निघाले.

तात्या म्हणाला, "खालचं काढल्याबिगर वरचं जगायचं न्हाई."

तेवढी सवड कोणाला नव्हती. दिवाळीत पहिलं रोप वाळलं, शिमग्यापर्यंत तिन्ही गेली. कोणी रोपवाटिकेला बोल लावला, कोणी शेळ्यांना, कोणी पाणी घालायच्या पाळ्या चुकवणाऱ्यांना.

मग इस्त्रीवालाच एका संध्याकाळी तात्याकडे गेला. म्हणाला, "तात्या, काय काय काढायचं, ते सांगा."

फाल्गुनात काम सुरू झालं. रोपं लावायला सगळी आळी धावली होती. बुडखे खणायला इस्त्रीवाला, शाळेतल्या एक बाई आणि कॉलेजातली तीन-चार पोरं एवढीच आली. खालून पाइपलाइन गेलेली, त्यामुळे यंत्र लावता येईना. कुदळ, पहार आणि हात. तात्या दगडावर बसून सांगायचा, की अमुक मूळ सोडू नका, तिकडं वळलंय, माग काढा. निरोगी मूळ कापलं की ओलं, घट्ट लागायचं. कुजलेलं मूळ हातात घेतलं की साल मोज्यासारखी निसटायची आणि आत पांढरा चोथा निघायचा. असली मुळं पोत्यांत भरून गावाबाहेर नेली, वाळवली आणि जाळली. मातीसुद्धा उपसून टाकली.

खड्डे रिकामे झाले तशी पोरं म्हणाली, "आता रोपं आणू या."

"आता न्हाई. खड्डा तापू द्या. डाळिंबाला तापवतो, तसाच. सगळा उन्हाळा."

चैत्र गेला, वैशाख गेला. तीन उघडे खड्डे उन्हात तापत राहिले. येणारे-जाणारे विचारत, काम अर्धवट का पडलंय? इस्त्रीवाल्याने गाडीवर निळा कागद ताणला होता, पण बारा वाजले की त्याखाली उभं राहवत नसे. वर ऊन, पुढ्यात कोळशाची इस्त्री. लोक म्हणाले, निदान तुझ्यापुरतं एक रोप लाव. तो नको म्हणायचा आणि डोक्यावर ओला पंचा टाकायचा.

त्याच उन्हाळ्यात बाईंनी बाकीच्या चार झाडांचं सिमेंट फोडायचा विषय काढला. सगळ्यात मोठं भांडण त्यावरून झालं. पुन्हा दारात चिखल कोणाला हवा होता? बाई घरोघर गेल्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबद्दल निकाल देताना बुंध्याभोवतीची एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं, तो निकाल त्यांनी वाचून दाखवला. निकालाने थोडी माणसं वळली. तात्याने सिमेंटखालचं एक गुदमरलेलं, काळं पडलेलं मूळ उघडं करून दाखवलं, तेव्हा उरलेली वळली.

कोणती झाडं लावायची, यावरही बोलणं झालं. मुंबईला नोकरी करून परतलेल्या एका गृहस्थांनी तिथल्या पर्जन्यवृक्षांची हकिकत सांगितली. पिठ्या ढेकूण पडला आणि एकाच जातीची मोठाली झाडं रस्तोरस्ती वाळून गेली. तेव्हा तीन खड्ड्यांत तीन जाती लावायच्या ठरल्या. करंज झाला, ताम्हण झालं. तिसऱ्यासाठी एक आजी म्हणाल्या, "चांदोबाच्या लिंबापाशी माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. आपल्या तालुक्यातलं ते. एक लिंब लावाच."

मृग लागला. खड्ड्यांत नवी माती, शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा घातला. रोपं लावली. या वेळी फोटो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पालखी आली तेव्हा आळीने वारकऱ्यांसाठी कापडी मांडव घातला आणि रोपांभोवती काठ्या रोवल्या.

गोष्ट इथं जरा थांबवतो. बिघडलेलं ते काढताना आपला हात अडखळतो, आणि काढलं की लगेच नवं आणून ती जागा भरायची घाई होते. मधला रिकामा, उन्हाचा काळ कोणाला नको असतो. त्या काळात दाखवण्यासारखं काही नसतं, कौतुक तर नसतंच. आळीत तो काळ सोसला तो ज्याची सावली सगळ्यात जास्त गेली होती त्याने. रोपं जगली, त्यात मातीइतकाच त्याचाही वाटा होता, असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या वर्षी करंजाची सावली इस्त्रीच्या गाडीच्या अर्ध्या फळीपर्यंत आली. त्याच सुमारास समोरच्या घराचं नवं बांधकाम निघालं. अंगणाची फरशी रस्त्यापर्यंत आणायची म्हणून गवंडी सिमेंटची पोती घेऊन लिंबापाशी आला. इस्त्रीवाल्याने हातातला सदरा खाली ठेवला, गाडीवरचा एक कोळसा उचलला आणि रस्ता ओलांडला. लिंबाच्या बुडाशी बसून त्याने खोडापासून आपला हात पूर्ण लांबवला, बोटं टेकली तिथं कोळशाची रेघ ओढली, आणि तसाच हात टेकत सगळ्या बाजूंनी फिरवून गोल पुरा केला.

"मालकांना विचारावं लागंल," गवंडी म्हणाला.

"विचारा की. मी हाय इथंच."

मालक बाहेर आले. मुळं खणताना पोती वाहणाऱ्या पोरांत त्यांचाही मुलगा होता. त्यांनी रेघ पाहिली, गवंड्याकडे पाहिलं आणि फरशी रेघेच्या बाहेरून धरायला सांगितली.