ग्लेनाबाईंचे पंधरा फटके

स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला १८६७ साली बायकांचा गोल्फ क्लब निघाला. गोल्फची पंढरी म्हणावी असं हे गाव. पण बायकांच्या वाट्याला आलं ते फक्त पटिंगचं मैदान. चेंडू हलकेच ढकलून होलमध्ये घालायचा, एवढाच खेळ. मैदानातल्या उंचवट्यांवरून त्याला ‘हिमालय’ हे नाव पडलं, हा त्यातल्या त्यात मोठा मान. पुढे १८९०मध्ये लॉर्ड मॉन्क्रीफ यांनी गोल्फवरच्या एका ग्रंथात बायकांच्या फटक्याची मर्यादाच सांगून टाकली : सत्तर-ऐंशी यार्ड, बस्स. बायकांच्या ताकदीबद्दल आपल्याला शंका नाही, असंही ते सांगतात. अडचण एवढीच, की त्यापलीकडे चेंडू मारायचा तर काठी खांद्याच्या वर न्यावी लागते, आणि त्या पोशाखात ते बरं दिसत नाही.

आपल्याकडे लगोरीत किंवा आट्यापाट्यांत धाकट्या भावंडाला ‘कच्चं लिंबू’ करून घेतात ना, तसाच हा प्रकार. पोराने हवं तेवढं पळावं, ओरडावं. पण ते बाद झालं तरी बाद नाही आणि त्याने गुण मिळवला तरी तो धरायचा नाही. यात माया असते हे खरं. पण कच्च्या लिंबाला आपण कच्चं लिंबू आहोत हे कळतं, आणि कळल्यावर त्याची मजा जाते. आजीबरोबर पत्ते खेळताना मुद्दाम हरणारी नातवंडंही हेच करत असतात. आजीला तेही कळतंच.

कच्चं लिंबू न करता कमी ताकदीच्या माणसाला खऱ्या खेळात घेता येतं का, याचं गोल्फने शोधलेलं उत्तर म्हणजे हँडिकॅप, म्हणजे त्याच्या एकूण फटक्यांतून वजा करायचे ठरावीक फटके. कल्पना तशी जुनी, पण बराच काळ ती प्रत्येक क्लबाच्या मर्जीवर चाले. एका क्लबातला दहाचा हँडिकॅप दुसऱ्या क्लबात दहाचा ठरेलच असं नव्हतं. १८९३मध्ये इंग्लंडात लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिच्या चिटणीस इसेट पिअर्सन यांनी निरनिराळ्या मैदानांना आणि निरनिराळ्या क्लबांतल्या बायकांना एकच माप लागू करण्याचा ध्यास घेतला. ब्रिटनमधल्या पुरुषांच्या संघटनांना असं एकसूत्रीकरण जमायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. मला यातली गंमत वेगळीच वाटते. बायकांच्या पहिल्या दोन्ही अजिंक्यपद स्पर्धांच्या अंतिम फेरीत या पिअर्सनबाई हरल्या होत्या, दोन्ही वेळा लेडी मार्गारेट स्कॉटकडून. आपल्यापेक्षा सरस कोणीतरी आहे आणि असणारच, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, तोच असमानांचा खेळ बसवायला योग्य माणूस.

हँडिकॅपला अनेक जण सवलत समजतात. तो हिशेब आहे, आणि बऱ्यापैकी कडक हिशेब आहे. बहात्तर पारच्या, म्हणजे बहात्तर फटक्यांत पुरं व्हावं अशा मैदानावर पंधरा हँडिकॅपवाल्याने सत्त्याऐंशी फटके घेतले, तर वजाबाकी करून बहात्तरच धरायचे. पण हे पंधरा कुठून येतात? आजच्या पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ फेऱ्यांमधून. काही दशकांपूर्वी अमेरिकेत २०पैकी १० घेत. म्हणजे तुमची सरासरी इथे विचारत नाहीत. तुम्ही चांगले खेळलात तर किती चांगले खेळता, ते विचारतात. विसाव्या फेरीच्या मागचं सगळं पुसलेलं. तिथे ना पराक्रम शिल्लक, ना लाज.

विसाव्या फेरीमागचं पुसलं जाणं कोणाला सर्वांत जड जावं? मला ग्लेना कॉलेट आठवते. १९०३चा जन्म, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये वाढलेली, वडील सायकलशर्यतींतले विजेते. अठराव्या वर्षी तिने मारलेला एक ड्राइव्ह ३०७ यार्ड गेला. मॉन्क्रीफसाहेबांच्या ग्रंथाला तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. १९२४मध्ये ती ६० सामने खेळली आणि ५९ जिंकली. १९२९मध्ये ब्रिटिश अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ती जॉइस वेदरेडच्या पाच होल पुढे होती, तरी हरली. तो सामना झाला सेंट अँड्र्यूजलाच, जिथल्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव २०१४मध्ये केला!

अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा ग्लेनाने सहा वेळा जिंकली. सहावी १९३५ची, मिनियापोलिसजवळ. तेव्हा ती बत्तीस वर्षांची, लग्न होऊन व्हेअर झालेली, दोन मुलांची आई. समोर होती तिथलीच सतरा वर्षांची पॅटी बर्ग. हीच बर्ग पुढे व्यावसायिक झाली आणि १९५३मध्ये सर्वांत कमी सरासरीसाठी नव्याने ठेवलेला करंडक तिने पहिल्याच वर्षी पटकावला. करंडकाचं नाव व्हेअर ट्रॉफी. जी स्वतः कधी व्यावसायिक झाली नाही, तिच्या नावाचा करंडक व्यावसायिक बायका आजही जिंकतात.

असा माणूस म्हातारपणी काय करतो? बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. खेळ सोडून आठवणी सांगतात, किंवा मानाचं पान घेऊन बक्षीस समारंभाला खुर्चीत बसतात. दोन्ही ठिकाणी आदर भरपूर मिळतो, आणि त्या आदरात मोजणं बंद झालेलं असतं. ग्लेनाबाईंनी ते होऊ दिलं नाही. नॅरगॅन्सेटच्या पॉइंट ज्युडिथ क्लबातली एक निमंत्रितांची स्पर्धा त्या दर उन्हाळ्यात खेळत. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ती त्यांची सलग बासष्टावी खेप होती. हँडिकॅप होता पंधरा.

पंधरा ऐकून हळहळणारे असतीलच. कुठे ते ३०७ यार्ड! पण हा आकडा त्यांच्या सहा अजिंक्यपदांकडे बघून कोणी कमी केलेला नव्हता, की वयाकडे बघून वाढवलेला नव्हता. ताज्या फेऱ्यांतून तो निघाला होता, आणि हौशी म्हणून आयुष्यभर खेळणाऱ्या कितीतरी धडधाकट लोकांना तो साधत नाही.

१९८९मध्ये त्या गेल्या. २०२०मध्ये जगातल्या सहा निरनिराळ्या हँडिकॅप पद्धती मोडून एकच केली, आणि कमाल हँडिकॅप बाई-पुरुष दोघांनाही सारखाच ठेवला, चोपन्न. म्हणजे नव्वदीतल्या आजीलाही पत्रकावर आकडा मांडून खेळता यावं, एवढी जागा त्यात आहे. पण ग्लेनाबाईंना एवढ्या जागेची गरजच नव्हती. क्लबातल्या पाच हँडिकॅपच्या एखाद्या तिशीतल्या बाईला त्यांच्याशी सामना लावायचा असता, तर सर्वांत अवघड दहा होलांवर एकेक फटका आधी द्यावा लागला असता, आणि मग जिंकून दाखवावं लागलं असतं.