कुलूप घालणाऱ्या ग्रंथपालाला शाबासकी कशाला?

आर्थिक वर्ष संपत आले की ग्रंथालयांत पुस्तक-पडताळणी सुरू होते. दाखल नोंदवही उघडायची, एकेक कपाट ताडून पाहायचे आणि गहाळ पुस्तकांची यादी कार्यवाहांपुढे ठेवायची. अनेक ठिकाणी कर्मचाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन या यादीवरच उरकते. पुस्तके हरवली तर ग्रंथपाल निष्काळजी, एकही हरवले नाही तर चोख! मग चोख ठरण्यासाठी तो कपाटांना कुलपे लावतो, नवी कोरी पुस्तके आत ठेवतो आणि किल्ली खिशात घालतो. वाचकाला यादीवरून नाव सांगावे लागते. पुस्तक हाताळून, चाळून निवडण्याची सोय संपते. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? आपण ज्याला गुण दिले, तेच त्याने केले.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ग्रंथ वापरासाठी असतात, हा त्यांतला पहिला. वाचकाचा वेळ वाचवावा, हा चौथा. त्यांच्या जन्मदिनी, १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन करतो, तसबिरीला हार घालतो, भाषणे करतो. वर्षअखेरीस मात्र ग्रंथपालाला त्या सिद्धान्तांतला एकही प्रश्न विचारत नाही. कोणती पुस्तके वर्षभरात एकदाही कपाटाबाहेर गेली नाहीत, आणि का? मागितलेले पुस्तक नव्हते तेव्हा वाचकाला दुसरे काय सुचवले? वर्गणी थकल्यावर येणेच बंद केलेल्या सभासदाची कोणी चौकशी केली का? देवघेवीचा आकडाही एकटा फसवा असतो. स्पर्धा परीक्षांची मुले अभ्यासिकेत दिवसभर बसतात, संदर्भ मागतात, पण घरी पुस्तक नेत नाहीत. आकडा घटतो, राबणूक वाढते.

दुसरे दुखणे गुपचूप लिहिलेल्या शेऱ्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त या अभियंत्याच्या खटल्यात निकाल दिला, की शासकीय सेवकाच्या गोपनीय अहवालातला प्रत्येक शेरा त्याला कळवला पाहिजे. त्या अभियंत्याला ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता; बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि त्याला तो शेरा कळवलाच नव्हता. म्हणजे वरवर बरा दिसणारा शब्दही माणसाला मागे ठेवू शकतो. अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयातला सेवक शासकीय नोकर नसेल. म्हणून त्याच्याविषयीचे मत त्याच्या पाठीमागे लिहावे, असे थोडेच आहे? समोर बसवून वाचून दाखवावे, त्याचे म्हणणे त्याच कागदावर नोंदवावे.

आणि कागदाची दुसरी बाजू कार्यकारी मंडळासाठी ठेवावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या आपल्या ग्रंथालयांत अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘ड’ वर्गात बहुधा एकच माणूस असतो. पुस्तके तोच देतो, वर्गणीची पावती तोच फाडतो, केरही तोच काढतो. त्याने वर्षभरात काय मागितले आणि आपण काय दिले, हे मंडळाने आधी लिहावे, सहीनिशी. पगार वेळेवर झाला का? ग्रंथखरेदीत त्याचे मत घेतले का? ज्या मंडळाने प्रशिक्षणासाठी आठ दिवसांची रजा नाकारली, त्याला ‘संगणकाचे ज्ञान अपुरे’ असा शेरा लिहिण्याचा अधिकार उरत नाही.