‘चालविल्यावर बसेल’

१९६८ साली अमेरिकेत विक्रीस आलेली यामाहा डीटी-१ ही मातीच्या वाटांची मोटारसायकल हौशी मंडळी आजही पूर्ण खोलून पुन्हा जुळवितात. कधी सारे नवे घालूनही पुढचा फोर्क दाबला की अडतो, सावकाश वर येतो. आपण तेलाला दोष देतो, स्प्रिंगला देतो. पुष्कळदा मात्र चाकाचा आस आपणच घाईने आवळल्याने फोर्कच्या नळ्या समांतर राहिलेल्या नसतात. आस ढिला करून फोर्क चारदा दाबावा, मग आस आवळावा. ते न करता ‘चालविल्यावर बसेल’ म्हणून गाडी दुसऱ्याच्या हाती देणे असत्य ठरते काय? नवे सील थोड्या वापराने सैलावतात, हे खरेच. म्हणून तर सबब सोयीची! आम्हांस ते असत्यच वाटते. खड्ड्यात तोल जाईल तो विश्वासाने बसलेल्याचा.