बातमी आणि साक्ष

मन व्यथित करणाऱ्या बातम्यांच्या काळात ख्रिस्ती माणसाने विश्वासू कसे राहावे, हा प्रश्न आज आपल्या घराघरांतून विचारला जातो. प्रार्थना तर हवीच; परंतु आम्हांस वाटते की, उत्तराचा आरंभ आठव्या आज्ञेपासून व्हावा. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास ती मनाई करते. पूर्वी साक्ष न्यायसभेत दिली जाई. आज मोबाइलवर आलेला निरोप आपण पुढे पाठवतो, तीही साक्षच होय.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्याकडून आलेले गरीब भटके होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा मोबाइलवरून आधीच पसरली होती. मारणाऱ्यांचा अपराध घोर खराच. पण ती अफवा गावोगाव पोहोचवणारे हात बहुधा आपल्या लेकरांची काळजी वाहणाऱ्या आईबापांचेच असतील. सद्हेतूने दिलेली खोटी साक्षही जीव घेते.

हीच कसोटी आपल्या दुःखालाही लावली पाहिजे. २००८ साली ओडिशातील कंधमाल येथे ख्रिस्ती वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. हे आपण सांगतो व सांगावेच. परंतु त्याआधी, २३ ऑगस्ट रोजी, स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती व त्यांच्या साथीदारांची हत्या झाली होती, हे आपण किती वेळा सांगतो? त्या हत्येने पुढील अत्याचाराचे समर्थन होत नाही. पण ती गाळून केलेले कथन अर्धे राहते, आणि अर्धी साक्ष खोटीच्या शेजारी जाऊन बसते.

कोणी म्हणेल, इतके तोलून बोलायचे तर आपल्यावरील अन्याय सांगणार कोण? आपणच सांगायचा; निर्भयपणे, पण तो ज्याने केला त्याच्याच नावे. दूरच्या अपराधाची वसुली शेजारच्या निरपराध माणसाकडून करावयाची नसते. जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन कोवळे पुत्र जिवंत जाळले गेले. ग्लॅडिस स्टेन्सबाईंनी अपराध्यांना क्षमा केली आणि २००४ पर्यंत बारीपदा येथे कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. न्यायालयाने आपले काम केले व २००३ साली अपराध्यांना दोषी ठरवले. क्षमेने सत्य झाकले गेले नाही, आणि सत्याने द्वेष पेटवला नाही.

आमच्या इंदापूर तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. राईनपाड्याला आलेल्यांसारखेच हेही परके, पोटासाठी आलेले. जगाच्या बातम्यांनी हळहळणाऱ्या आपल्याला त्या कोपीतील तापाने फणफणलेल्या बाळाची बातमी असते काय? ती कोणी मोबाइलवर पाठवत नाही. ती चालत जाऊनच कळते.

म्हणून आपण एवढे तरी ठरवू या: खातरजमा केल्यावाचून एकही निरोप पुढे पाठवायचा नाही, आणि आठवड्यातून एकदा तरी अशा एखाद्या परक्या दारी जाऊन विचारपूस करायची. जग बदलण्याचे सामर्थ्य आपणांस दिलेले नसेल. खरी साक्ष देण्याचे मात्र खचित दिलेले आहे.